चौथ्या घरात गप्प

३ नोव्हेंबर, सोमवार

संपादक,

माझं सगळं बदललं ते त्या क्षणी, जेव्हा तू माझ्या पानाकडे न बघता मुलांच्या पायांकडे बघितलंस.

नियम माझाच होता, माहीत आहे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतलं ते उंच बाक मीच ओढत आणलं होतं, एकट्यानं, तुला दाखवायला की मला जमतं. त्यावर दहा-बारा वर्षांची पोरं बसवायची, पाय जमिनीला टेकणार नाहीत अशी, आणि हातात आपल्या ‘कान’चं, मुलांसाठीच्या संगीताच्या मासिकाचं, कच्चं पान द्यायचं. पोरं तोंडानं खोटं बोलतात. ‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘छान’ म्हणतात, कारण त्यांना घरी जायचं असतं. पायांना ते जमत नाही. पान आवडलं की पाय थांबतात, कंटाळा आला की झुलायला लागतात. ‘पाय हलले, पान गेलं.’ हे वाक्य माझं. तू ते ‘कान’च्या खोलीतल्या फळ्यावर खडूनं लिहिलंस आणि कुणाला पुसू दिलं नाहीस. मला वाटलं, हे प्रेमच.

आणि त्याच नियमानं तू माझं शांततेचं पान मारलंस. समोरासमोर दोन काळी पानं, मधोमध पांढऱ्या शाईनं माझ्या हातची एवढीशी अक्षरं. गाण्यात जिथे काहीच वाजत नाही तिथेही गाणं चालू असतं, हे मुलांना सांगणारं जगातलं पहिलं पान. (तेव्हा मला असंच वाटत होतं. अजूनही वाटतं.) बाकावरचे सगळे पाय झुलत होते, एकही अपवाद नाही. तू लाल पेन्सिल कानामागे खोचलीस आणि म्हणालीस, ‘गेलं.’ एवढंच. ‘थोडं बदलू’ नाही, ‘विचार करू’ नाही.

पुढचं तुझ्यासमोरच झालं. दाराची काच मी फोडली नाही. मी दार आपटलं, फुटायचं काचेनं ठरवलं. तिथून तसाच तरातरा कचेरीत गेलो आणि कॉलेजमधून नाव काढून घेतलं. कारकून म्हणाला, ‘अरे, परीक्षा तोंडावर आलीय, घरी विचारून ये.’ मी म्हटलं, ‘घरचे शिकतायत की मी?’ जिना उतरेपर्यंत मला वाटत होतं की तू मागून हाक मारशील. फाटकापाशी बुटाची नाडी बांधायला वाकलो. माझ्या त्या बुटांना नाड्या नाहीत.

आता मुद्दा. तुझा अंक छपाईला ज्या प्रेसमध्ये आलाय, तिथे कॉम्प्युटरवर बसून पानं लावणारा माणूस मी आहे. मी मुद्दाम नाही आलो इथे. प्रेसच्या बाईंना माणूस हवा होता आणि मला दिवसभर घराबाहेर बसायला एक खुर्ची हवी होती. आज सकाळी फाइल उघडली तर समोर ‘कान’. चहा सांडला. कळफलक अजून चिकट आहे.

घाबरू नकोस. मी काही करणार नाही. मला काही नकोही आहे. फक्त प्रूफ परत पाठवशील तेव्हा त्यात एक ओळ लिही. शिवी दिलीस तरी चालेल.

बाकी पानं छान चकाचक आहेत. तुझा नवा मांडणीवाला मी पाहिलाय, परवा तुझ्याबरोबर फाटकापाशी उभा होता. मी त्याला इस्त्री म्हणतो. अंगावर एक सुरकुती म्हणून नाही, आणि पानंही तशीच. वाचताना कॉलर टोचते. ते टाळ्यांचं पान तेवढं बरं आहे. समोरासमोरच्या दोन पानांवर तीन रंगांच्या तीन ओळी, ओळीत सात-सात घरं, एका ओळीनं टाळी, दुसरीनं मांडीवर थाप, तिसरीनं पायाचा ठोका. चौथं घर तिन्ही ओळींत रिकामं, तिथे गप्प बसायचं. लंगडी घालत चालल्यासारखा ठेका बनतो. मी टेबलावर वाजवून बघितला, बाईंनी डोळे वटारले. पण त्या चौथ्या घरात ‘इथे गप्प’ असं ज्या कुणी हातानं लिहिलंय, त्याला सांग, अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे. बदला.

तुझा (हे खोडायचं राहू दे),
मी


५ नोव्हेंबर, बुधवार

संपादक,

प्रूफं आली. लाल पेन्सिलीच्या खुणा तशाच, जरा जोरात दाबलेल्या. टोक दोनदा तरी मोडलं असणार. आणि चिठ्ठी: ‘पानांपुरतं बोल.’

बरं. पानांपुरतं.

पान तीन. गिटारच्या तारांचं चित्र खाली सरकवलं. तू म्हणालीस तसंच चांगलं दिसतं.

पान सहा. ‘ड्रम वाजवणाऱ्या माणसाला शेजारी का आवडत नाहीत’ हा मथळा तुझा आहे, ओळखला. मी मोठ्यानं हसलो. बाई म्हणाल्या, ‘कामाच्या वेळी हसू येतंय म्हणजे पगार जास्त होतोय.’

शेवटी वाढवलेली चार पानं. वाचकांची पत्रं आणि वाद्यांच्या दुकानाची जाहिरात. सोमवारच्या फाइलमध्येच होती, लावली.

पान एक. तुझं संपादकीय. यात तू कुठेही लिहिलेलं नाहीस की हा अंक चालला नाही तर पुढचा निघणार नाही. पण तू एकूण पाच वेळा ‘भेटत राहू’ म्हटलंयस. तू भेटत राहू असं कधीच म्हणत नाहीस, तू ‘चल, निघ’ म्हणतेस. म्हणून मी कारकुनाला फोन केला. तो अजूनही मला ‘परीक्षा देणार का’ विचारतो. त्यानं सांगितलं की पुढच्या बुधवारी बाकावरच्या वाचनाला शाळांच्या वाचनालयाच्या बाई येणार आहेत. त्यांना पसंत पडलं तर ‘कान’ सगळ्या शाळांत जाईल. नाही पडलं तर कॉलेज खोली काढून घेणार आणि तिथे जुनी टेबलं ठेवणार. हे तू मला का नाही सांगितलंस? कशाला सांगशील म्हणा.

घरी विचारशील तर (विचारणार नाहीस), बाबा माझ्याशी आईमार्फत बोलतात. मी समोर बसलेलो असतो. ‘त्याला म्हणावं, मीठ इकडे दे.’ आई म्हणते, ‘मीठ दे रे.’ मी आईला म्हणतो, ‘त्यांना सांग, दिलं.’ काल ताईची मुलगी टिकली जेवायला होती. ती म्हणाली, ‘आजोबा, तुम्हाला मामा दिसत नाही का?’ मग फार लांबलेलं चौथं घर.

आता खरं ते लिहितो. पानांपुरतंच आहे, तुझी अट मोडत नाही.

अंकात एक चूक आहे. शुद्धलेखनाची नाही, रंगाची नाही. प्रूफात ती दिसत नाही, दिसणारही नाही. तू कितीही लाल पेन्सिल फिरव, इस्त्रीला कितीही पट्टी लावून मोजू दे. अंक छापून, दुमडून, पिना मारून मुलांच्या हातात गेला की मगच दिसेल, आणि तेव्हा उशीर झालेला असेल. अंकातलं सगळ्यात चांगलं पान त्या चुकीनं मरेल.

मला ती माहीत आहे. मी सांगेन. चिठ्ठीत नाही, फोनवर नाही. फोन तर तू उचलतच नाहीस. प्रेसमध्ये ये, माझ्यासमोर बस, आणि विचार. उद्या, गुरुवारी दुपारी अंक मशीनवर चढतोय. त्याआधी ये.

ही धमकी नाही. आहे, पण लहानशी.

मी


६ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळ

संपादक,

तू इस्त्रीला पाठवलंस!

हे पत्र त्याच्याच हाती देतोय. तो बाहेर बाकड्यावर बसलाय, रुमाल अंथरून. मी त्याला म्हटलं, थांब, उत्तर लिहून देतो, तर म्हणाला, ‘सावकाश लिहा दादा, मला घाई नाही.’ दादा! माझ्यापेक्षा मोठा असेल तो. मला भांडायचं होतं. सकाळपासून आरशासमोर तयारी केली होती, अर्थात तुझ्याशी भांडायची. पण हा माणूस भांडणाला जागाच देत नाही. मी म्हटलं, ‘तुझी पानं बघितली. फार सरळ आहेत.’ तो म्हणाला, ‘हो ना. मला वाकडं जमत नाही, शिकवाल का?’ मी म्हटलं, ‘शर्टसुद्धा.’ तर हसायला लागला. म्हणे, ‘आमचं इस्त्रीचंच दुकान आहे. चुरगळलेला गेलो तर वडील गिऱ्हाइकांसमोर झापतात.’

आता यावर मी काय बोलणार, तूच सांग.

मग तो मुद्द्यावर आला. ‘दादा, चूक कुठे आहे?’
‘तिला पाठव. तिला सांगतो.’
‘ती नाही येणार.’
‘का?’
‘ती म्हणाली, त्याला सांगायचं असेल तर तो सांगेल. नसेल तर छापू दे.’ आणि खिशातून तुझी सही केलेली पावती काढली. ‘अंक तपासला, छापावा.’ खाली तुझं नाव, तारीख, सगळं. तू सही करून मोकळी झालीस! चूक आहे हे माहीत असून!

मी पाण्याच्या भांड्यापाशी उगाच गेलो, परत आलो. म्हटलं, ‘टाळ्यांचं पान तू फार मेहनतीनं केलंयस ना? मग विचार करून बघ.’ मला त्याला घाबरवायचं होतं. तो म्हणाला, ‘ते माझं नाही. ते तिचं एकटीचं आहे. आम्हाला हातसुद्धा लावू दिला नाही.’

म्हणजे ते पान तुझं.

मग तर तूच यायला हवंस! स्वतःचं पान मरतंय आणि तू तिथे बसून माझी परीक्षा घेतेस? तू कोण लागून गेलीस? मी तुझ्यासाठी बाक ओढत आणलं, तू माझ्यासाठी एक बसचं तिकीट नाही काढू शकत? नको येऊ. छापू दे. मीही बघतो.

बाई आतून ओरडतायत, प्लेटा तयार कर म्हणून. करतोय.

दुपारपर्यंत आहे मी इथे. संध्याकाळपर्यंतही आहे. म्हणजे काय, नोकरीच आहे.

मी


७ नोव्हेंबर, शुक्रवार

संपादक,

काल तू आलीस तेव्हा मशीन बंद होतं. ते कसं बंद झालं हे बाईंनी तुला अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं हे.

दुपारी अंक मशीनवर चढला. पहिले ताव बाहेर पडले, मी एक संच उचलला, हातानं दुमडला, कापला, मधे दोन पिना मारल्या आणि जेवायला घरी गेलो. सरळ सांगतो, मला तुझी चूक डोळ्यांनी बघायची होती. मला मजा येणार होती. टिकली शाळेतून आली होती. तिला ओट्यावर बसवलं, पाय लोंबकळत, आणि अंक दिला. पहिली पानं तिनं भराभर उलटली. ड्रमवाल्याच्या मथळ्यावर खुदकन हसली. मग टाळ्यांचं पान आलं आणि तिचे पाय थांबले. मी मनात म्हटलं, बघू आता.

ती वाजवायला लागली. एक दोन तीन, एक दोन तीन. एक दोन तीन, एक दोन तीन.

तुला काल मी हे कागद दुमडून दाखवलं, पण पहिल्यांदा बघताना काय झालं ते सांगतो. अंक सोळा पानांचा होता तेव्हा तुझं पान बरोबर मधे होतं, एकाच कागदावर. तू शेवटी चार पानं वाढवलीस आणि मधलं पान मधलं राहिलंच नाही. डावी बाजू एका कागदावर, उजवी दुसऱ्यावर. प्रूफात दोन्ही शेजारी-शेजारी सपाट छापलेली, म्हणून सगळं ठीक दिसत होतं. पण अंक बांधला की बरोबर मधलं, चौथं घर घडीत जातं. अर्धं इकडे दबलेलं, अर्धं तिकडे. तिन्ही ओळींतलं. तुमच्यातल्या प्रत्येकानं पानं पडद्यावर बघितली, कागद कुणी मोजले नाहीत.

टिकलीला ते घर दिसलंच नाही. तिनं सहा घरं वाजवली आणि ठेका अगदी सरळ झाला. कवायतीसारखा. लंगडी गेली. तिसऱ्यांदा वाजवताना तिचे पाय हलायला लागले.

मला मजा नाही आली. घास तसाच ताटात टाकून मी निघालो. बाबा म्हणाले, ‘त्याला म्हणावं...’ पुढचं मी ऐकलं नाही.

प्रेसमध्ये पोचलो तर मशीन जोरात चाललेलं. मी कुणाला विचारलं नाही. लाल बटण दाबलं. मशीनवाला म्हणाला, ‘अरे ए, वेडा झालास का?’ बाई चष्मा हातात घेऊन बाहेर आल्या. मी सगळं सांगितलं, धापा टाकत, अर्धं उलट-सुलट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

‘तुला हे कधी कळलं?’
‘आधीच.’
‘आणि आज सकाळी ते पोरगं इथे ताटकळत बसलं होतं, तेव्हा?’
मी मशीनकडे बघितलं.
‘तेव्हा गप्प बसलास, आणि आता चालतं मशीन बंद करून बोंबलतोयस. कुठे गप्प बसायचं आणि कुठे नाही, एवढं कळायला काय कॉलेजात जावं लागतं का रे?’

मग त्यांनी तुला फोन लावला. त्यांचा फोन तू पहिल्या घंटेला उचललास.

तू आलीस, स्टूल ओढलंस आणि म्हणालीस, ‘दाखव.’ दोन बोटांनी टेबलाच्या कडेवर हळूच वाजवलंस. सहा. ‘चौथं कुठंय?’ मी म्हटलं, ‘घडीत.’ तू म्हणालीस, ‘तुला हे बुधवारी माहीत होतं.’ मी हो म्हटलं. बुधवारी नाही. सोमवारी. पहिल्या पत्राच्या आधीच. घे, हेही.

‘आणि मी तुझ्यासोबत चहा प्यावा म्हणून तू हे दाबून ठेवलंस.’
‘चहासाठी नाही.’
‘मग कशासाठी?’

मशीनवाला दोन हातांच्या अंतरावर उभा राहून रूळ पुसत होता. तो आधीच पुसून झालेला होता. मी म्हटलं, ‘घरं जरा दोन्ही बाजूंना सरकवू, घडीपासून लांब.’ मला उत्तर देता आलं नाही की मी पानांपुरतं बोलतो, हे माझ्या लक्षात आलंय.

तू म्हणालीस, ‘नाही. ते घर मधेच हवं. घडीवरच. फक्त कागद एक हवा.’ मग आपण बासरीवाल्याची मुलाखत मधून उचलून टाळ्यांच्या पानाच्या आधी टाकली आणि टाळ्यांचं पान खऱ्या मधल्या तावावर आणलं. मी विचारलं, ‘पिना?’ तू म्हणालीस, ‘एक वरच्या ओळीच्या वर, एक खालच्या ओळीच्या खाली. घरात पिन नको.’ तू बोलत होतीस, माझे हात चालत होते. तुझं वाक्य संपायच्या आत घर जागेवर बसत होतं. तुला कळलं का ते? मला फार कळलं.

मी म्हटलं, ‘अक्षर तेवढं बदलू का? कोंबडीच्या पायासारखं...’
‘तुझंच आहे.’
‘काय?’
‘तुझ्या काळ्या पानावरून कापलंय. उलटं करून, पांढऱ्यावर काळं.’ तू माझ्याकडे बघत नव्हतीस, पडद्याकडे बघत होतीस. ‘तुझं म्हणणं बरोबर होतं. दोन पानं जास्त होती त्याला. एक घर पुरतं.’

हे तू त्या दिवशी म्हणाली असतीस तर? पण त्या दिवशी मी जिन्यात होतो. बरोबर आहे.

‘माझं नाव येईल अंकात?’
‘नाही.’
‘का?’
‘तू आमच्यात नाहीस म्हणून. तू सोडून गेलास.’ मग उठताना: ‘बुधवारी वाचन आहे. यायचं तर ये. मागे उभा राहा. एक शब्द बोलायचा नाही.’

तू गेल्यावर बाईंनी मला नवं पान मशीनवर चढेपर्यंत थांबवलं, आणि मग म्हणाल्या, ‘उद्यापासून येऊ नकोस. काम चांगलं आहे तुझं. म्हणूनच सांगते, येऊ नकोस.’ वाया गेलेल्या तावांचा गठ्ठा त्यांनी मला उचलायला लावून मागच्या खोलीत ठेवला. जड होता.

घरी सांगितलं. आई रडायच्या बेतात होती. बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, ‘जेवलास का?’ मला. थेट मला. मी चुकून आईकडे बघितलं.

एक गोष्ट पानांबाहेरची लिहितो आणि मग पुन्हा कधी लिहिणार नाही. मला तू आवडतेस. बाक ओढत आणलं त्याच्या आधीपासून. चुकीचं सगळं मी त्यातून केलं, आणि बरोबर काही केलं असेल तर तेही त्यातूनच. उत्तर बुधवारी दे. तोंडानं देऊ नकोस, मला समजेल.

मी


१२ नोव्हेंबर, बुधवार

हे जिन्यात बसून लिहितोय. वर तुमची खोली आहे, अजून पोरांचा गलका ऐकू येतोय. खालच्या टपालपेटीत टाकून निघेन. तू मला मागे उभं पाहिलंस, पण मला काय दिसलं ते तुला माहीत नाही, म्हणून सांगतो.

काचेच्या जागी तुम्ही पुठ्ठा लावलाय. आपल्या पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ त्यावर चिकटवलंय. मी दाराशीच उभा राहिलो, पाठ त्या मुखपृष्ठाला लावून. फळ्यावरचं वाक्य अजून आहे, ‘गेलं’मधला अनुस्वार तेवढा पुसट झालाय.

वाचनालयाच्या बाई पहिल्या खुर्चीत, मांडीवर पर्स घट्ट धरून. बाकावर पाच पोरं. चष्मेवाली मुलगी मधे. तिच्या शेजारी तो जाडा मुलगा, मी ज्याच्यासमोर दार आपटलं होतं. त्यानं मला ओळखलं आणि अंक तोंडासमोर धरला. अंक उघडले. पाय झुलत होते, सगळे, हळूहळू. ड्रमवाल्याच्या मथळ्याला तिघं हसले. बाई हसल्या नाहीत. बासरीवाल्याच्या मुलाखतीत पाय जोरात झुलायला लागले. तू पेन्सिल कानामागे खोचलीस. मला वाटलं, आता तू म्हणणार, गेलं. सगळंच गेलं. खोलीत जुनी टेबलं येणार.

मग मधलं पान आलं.

आधी सगळा गोंधळ. कुणी टाळी, कुणी मांडी, जाड्यानं दोन्ही पाय बाकावर आपटले. चष्मेवाली म्हणाली, ‘ए, थांबा रे, मी वरची, तू मधली, तू पायाची.’ पुन्हा सुरू केलं. चौथ्या घरात जाड्यानं थाप मारली. बाकीचे एकदम ओरडले, ‘गप्प! तिथे लिहिलंय ना, इथे गप्प!’ माझ्या अक्षराकडे बोट दाखवून, बरं का. कोंबडीचा पाय त्यांना वाचता आला.

तिसऱ्यांदा जमलं. टाळी थाप ठोका, आणि मग काहीच नाही. संपूर्ण खोलीत काहीच नाही. मग पुन्हा. पोरं त्या रिकाम्या घरात श्वास रोखून थांबत होती, डोळे मोठे करून, एकमेकांकडे बघत, कोण चुकतंय म्हणून. ठेका लंगडी घालत चालला होता. झुलणारा एकही पाय नव्हता. वाचनालयाच्या बाईंची पर्स खाली पडली, त्यांनी उचलली नाही, दोन बोटं खुर्चीच्या दांडीवर चालली होती.

तू पायांकडे बघत नव्हतीस. तू माझ्याकडे बघत होतीस.

मी त्यात उत्तर शोधलं. खूप शोधलं. तुझ्या चेहऱ्यावर आनंद होता, आणि एक भीतीही होती. ती भीती कसली, हे मला कळायला दोन फेऱ्या लागल्या. मी आता काहीतरी बोलेन, याची ती भीती होती. आणि खरंच, माझं तोंड उघडलेलं होतं. मी म्हणणार होतो, ‘पिना बघा, बरोबर बाहेर बसल्यात.’ मी बोललो असतो तर सगळी मुलं वळली असती आणि चौथं घर फुटलं असतं.

तेवढ्यात इस्त्री तुझ्या मागे आला. त्याला काहीतरी टिपून घ्यायचं होतं. त्यानं तुझ्या कानामागची पेन्सिल काढून घेतली. न विचारता. आणि तू दचकली नाहीस, वळलीही नाहीस. मी ती पेन्सिल एकदा नुसती सरळ करायला गेलो होतो, तर तू माझ्या हातावर चापट मारली होतीस.

उत्तर मिळालं. थँक्यू. टोमणा नाही हा.

त्याला सांग, पान बारावर समास जरा वाकडा चालेल.

मी निघायचं ठरवलं. पण ते दार! तुला माहीत आहे ते कसं कुरकुरतं. काच असताना कुरकुरायचं, आता तर पुठ्ठाही खरखरतो. टाळ्यांच्या आवाजात ओढलं असतं तर कुणाला कळलंही नसतं, ते सोपं होतं. पण मला ते सोपं करायचं नव्हतं. मी बाहेर पाऊल टाकलं, मूठ धरली, दार थोडं वर उचललं, आपण उशिरा आलो की उचलायचो तसं, आणि थांबलो. टाळी. थाप. ठोका.

चौथ्या घरात मी दार लावलं. आत कुणाचाही ठेका चुकला नाही.